ओन्ली टू फाइंड: धावत गेला, बघतो तर गाडी गेलेली

यावल तालुक्यातल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. नववीच्या वर्गात त्यांनी फळ्यावर वाक्य लिहिलं: "ही रश्ड टू द स्टेशन, ओन्ली टू फाइंड दॅट द ट्रेन हॅड लेफ्ट." एका मुलाने मराठी केलं, "तो फक्त गाडी सुटल्याचं पाहण्यासाठी स्टेशनवर धावला." चुकलं हे दिसतंय, पण का चुकलं ते सांगता येईना. शब्दकोशात 'ओन्ली' म्हणजे फक्त, क्रियापदाआधीचा 'टू' म्हणजे 'साठी', आणि मुलाने दोन्ही शब्द इमानाने ठेवलेत. शिवाय "ही केम ओन्ली टू हेल्प" याचं 'तो फक्त मदतीसाठी आला' हे भाषांतर बरोबर धरतात. मग पहिल्या वाक्यात काय बिघडलं, आणि फरक ओळखायचा कसा?

ताई, आधी उत्तर सांगतो, मग त्यामागचं कारण. क्रियापदाआधी येणारी 'ओन्ली टू' ही जोडी इंग्रजीत दोन वेगवेगळी कामं करते. एक हेतू सांगण्याचं: आला तो मदतीसाठीच, दुसरं काही मनात नव्हतं. दुसरं निष्पत्ती सांगण्याचं: केलं एक, पदरात पडलं भलतंच. तुमच्या वाक्यात दुसरं काम आहे. त्याचं नीट मराठी असं: "तो धावतपळत स्टेशनवर गेला, बघतो तर गाडी सुटलेली." यात 'फक्त' नाही आणि 'साठी'ही नाही. 'ओन्ली टू फाइंड' या तीन शब्दांचा भार मराठीत 'बघतो तर' या दोन शब्दांनी उचललाय.

मी जळगाव जिल्ह्यात कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवत आलो आणि जोडीला भाषांतराची कामं करत आलो. या एका रचनेवर जेवढी मुलं अडखळताना पाहिली, तेवढी 'हॅड बीन'वरसुद्धा नाही. 'हॅड बीन' कळलं नाही तर मुलगा थांबतो आणि विचारतो. 'ओन्ली टू' त्याला कळलंय असं वाटतं, म्हणून तो विचारतच नाही.

(इंग्रजी वाक्यं इथे देवनागरीत लिहितोय. फळ्यावर ती इंग्रजीत लिहा आणि पहिल्याच वाक्यात मुलांना दोन 'टू' दाखवा. 'टू द स्टेशन'मधला टू नामाआधी आहे, तो दिशा सांगतो. 'टू फाइंड'मधला क्रियापदाआधी आहे. पुढचं सगळं बोलणं या दुसऱ्या टूबद्दल आहे.)

त्या मुलाचं भाषांतर मात्र एका फटक्यात खोडू नका, कारण तो सत्याच्या बराच जवळ गेला होता. आपण मराठीत रागावून काय म्हणतो ते आठवा. "रात्रभर रांगेत उभा राहिलो, ते काय 'उद्या या' हे ऐकायला?" "एवढं शिकवलं तुला, ते हे दिवस बघायला का?" इथे 'ऐकायला', 'बघायला' ही रूपं हेतूचीच आहेत. रांगेत उभं राहण्यामागे 'उद्या या' ऐकण्याचा हेतू कुणाचाच नसतो. तरी आपण निष्पत्तीला हेतूचे कपडे चढवतो, कारण त्यातून मनातली जळजळ बाहेर येते: जणू हेच व्हावं म्हणून एवढी मेहनत केली! इंग्रजीतल्या 'ओन्ली टू'च्या मुळाशी हाच भाव आहे. फरक एवढाच की मराठीत तो आणायला प्रश्नाचा सूर लागतो, 'ते काय... का?' अशी चौकट लागते. इंग्रजीत ती चौकट गळून पडली आणि साध्या विधानातही ही रचना रुळली. म्हणून साध्या विधानाचं मराठी करताना 'साठी' ठेवला की वाक्य वेडंवाकडं वाटतं.

वर्गात मी आधी हे रागाचं मराठी वाक्य मुलांकडून काढून घेतो. घरी ऐकलेलं असतंच. मग इंग्रजी वाक्य देतो. ज्या मुलाने 'पाहण्यासाठी' लिहिलं त्याला मग आपण मूर्खासारखं लिहिलं असं वाटत नाही. इंग्रजीने केलेली गोष्टच त्याने केली होती, फक्त मराठीत ती प्रश्नाच्या सुरात करायची असते, एवढंच त्याला कळतं.

इतिहासही याला दुजोरा देतो. क्रियापदाआधीचा टू मुळात वेगळा शब्द नव्हताच. जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत, तो 'कडे' या अर्थाचं शब्दयोगी अव्यय होता आणि त्याच्यापुढे क्रियापदाचं विभक्ती लागलेलं रूप यायचं. 'करण्याकडे', 'आणण्याकडे' असं काहीसं. दिशा दाखवणारा शब्द आधी हेतू दाखवू लागला, आणि हेतूवरून पुढे ज्या टोकाला गोष्ट जाऊन पोचली ते टोकही दाखवू लागला. विभक्तीचे प्रत्यय झिजून गेले, टू तेवढा उरला. म्हणून आजही एकच टू दोन्हीकडे दिसतो: माणसाला जिथे जायचं होतं तिथेही आणि तो जिथे जाऊन आदळला तिथेही.

आता ओळखायचं कसं? मी मुलांना नियम पाठ करायला देत नाही, वाक्य हलवून बघायला लावतो.

सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे 'ओन्ली' उचलून मुख्य क्रियापदाच्या आधी ठेवणं. "ही केम ओन्ली टू हेल्प" याचं "ही ओन्ली केम टू हेल्प" केलं तरी अर्थ तोच राहतो. उलट बोलताना इंग्रज माणूस बहुतेक वेळा असंच म्हणतो. पण "ही ओन्ली रश्ड टू द स्टेशन टू फाइंड दॅट द ट्रेन हॅड लेफ्ट" केलं की वाक्य मोडतं. ओन्ली हलला तर हेतू, जागचा हलेना तर निष्पत्ती. दुसरी खूण याच जातीची: ओन्लीच्या पुढे 'इन ऑर्डर' घालून बघा. 'ओन्ली इन ऑर्डर टू हेल्प' जमतं. 'ओन्ली इन ऑर्डर टू फाइंड दॅट द ट्रेन हॅड लेफ्ट' म्हणजे गाडी चुकवायची हौस असलेला माणूस! इथे मुलं हसतात, आणि हसली म्हणजे त्यांना कळलं.

जागेचीही खूण आहे. निष्पत्तीचा 'ओन्ली टू' नेहमी वाक्याच्या शेवटाकडे असतो, कारण घटनाच त्या क्रमाने घडते. हेतूचा पुढे आणता येतो: "ओन्ली टू सेव्ह मनी डिड ही वॉक." पैसे वाचवायलाच तो पायी गेला. 'ओन्ली टू फाइंड' असा पुढे आणता येत नाही. स्वल्पविरामाचं म्हणाल तर निष्पत्तीच्या आधी तो बरेच लेखक देतात, बरेच देत नाहीत. असला तर मदत होते, नसला तर त्यावरून काही ठरवू नका. बोलताना मात्र ओन्लीच्या आधी श्वासभर थांबा ऐकू येतो. तुम्ही वर्गात वाचून दाखवाल तेव्हा तो थांबा जरूर घ्या.

आता एक खूण, जिच्याकडे फारसं कुणी लक्ष वेधत नाही, पण मला ती सगळ्यांत आवडते कारण तिच्यात व्याकरणापेक्षा अक्कल चालते. निष्पत्ती सांगायची तर आधीची गोष्ट खरोखर घडलेली, घडत असलेली किंवा घडणार म्हणून धरलेली असावी लागते. जे घडलंच नाही त्याची निष्पत्ती कुठून आणणार? म्हणून मुख्य वाक्य नकारार्थी असेल तर 'ओन्ली टू' बहुतेक हेतूचाच. "ही डिड नॉट कम ओन्ली टू ईट": तो नुसता जेवायला आला नव्हता. मुख्य वाक्य आज्ञार्थी असेल तरीही हेतूच. "यूज धिस डोअर ओन्ली टू गो आउट": हे दार बाहेर पडण्यासाठीच वापरा. सूचना देणारा माणूस तुमच्या निराशेचं भाकीत करत नसतो. सूचनाफलक, औषधाच्या डबीवरची ओळ, अर्जावरच्या सूचना, यांत 'ओन्ली टू' आला की डोळे मिटून 'फक्त... साठी' लिहावं. गोष्टीत, बातमीत, आठवणींत, म्हणजे जिथे एकामागून एक घटना येतात तिथे आला की थांबून बघावं.

काळाची अडचण मुलं विचारतात. टू लागलेल्या क्रियापदाला स्वतःचा काळ नसतो, तो मुख्य क्रियापदाकडून घेतो. "ही गोज देअर एव्हरी इयर, ओन्ली टू बी टर्न्ड अवे": दरवर्षी जातो आणि दरवर्षी त्याला परत पाठवतात. "यू विल गो देअर ओन्ली टू फाइंड इट क्लोज्ड": जाशील, आणि बघशील तर बंद. रूप तेच, टू फाइंड. 'ओन्ली टू फाउंड' असं मुलं लिहितात ते कधीच बरोबर नाही.

आता जिथे खरं बारकाईनं बघायला हवं तिथे येऊ. मराठीत आपण म्हणतो, "तो स्टेशनवर गेला, बघतो तर गाडी सुटलेली." जाणारा तो, बघणाराही तोच. सुटली मात्र गाडी. इंग्रजीत 'ओन्ली टू'च्या पुढच्या क्रियापदाचा कर्ता मुख्य वाक्याचाच असावा लागतो. म्हणून 'ओन्ली द ट्रेन टू लीव्ह' असं लिहिता येत नाही. मग इंग्रजी काय करतं? मध्ये एक पाहणारं, कळणारं, ऐकणारं क्रियापद घालतं, म्हणजे कर्ता बदलत नाही. 'ओन्ली टू'च्या पुढे वारंवार दिसणारी क्रियापदं म्हणूनच एका कुळातली आहेत: फाइंड, डिस्कव्हर, लर्न, रिअलाइझ, सी, हिअर. आणि त्यांच्या जोडीला कर्मणी रूपं: बी टोल्ड, बी टर्न्ड अवे, बी सेंट बॅक. मराठीचा 'बघतो' हेच काम करतो. आपणही 'गेला तर गाडी सुटलेली' म्हणू शकतो, पण 'बघतो तर' म्हटलं की ऐकणारा त्या माणसाच्या डोळ्यांनी बघू लागतो. दोन्ही भाषांनी एकाच गरजेला एकाच तऱ्हेने उत्तर दिलंय. अहिराणीतही तेच. "टेसनवर जाईसन देखस ते काय, गाडी निंघी गयी." तुमच्या वर्गात अहिराणी बोलणारी मुलं असतील तर त्यांना आधी हे वाक्य म्हणू द्या. इंग्रजी मग परकं वाटत नाही. घरची बोली वर्गात आली की इंग्रजी बिघडतं असं मानणारे शिक्षक मी पुष्कळ पाहिले. माझा अनुभव याच्या नेमका उलट आहे.

या कुळाच्या बाहेरची क्रियापदंही येतात, पण त्यांत एक गोष्ट समान असते: माणूस ती मुद्दाम करत नाही. लूज, फेल, फॉल, डाय. रावेर-यावल पट्ट्यातल्या मुलांना हे वाक्य लगेच पटतं: "ही रेज्ड द क्रॉप फॉर अ होल इयर, ओन्ली टू लूज इट इन वन स्टॉर्म." वर्षभर केळी जोपासली आणि एका वादळात सगळी आडवी झाली. इथे 'बघतो तर' नको. इथे 'आणि', 'आणि शेवटी', 'पण अखेर' असं काही लागतं. म्हणजे 'ओन्ली टू'ला मराठीत ठरलेला एकच पर्याय नाही. फाइंडच्या कुळाला 'बघतो तर', 'जाऊन पाहतो तो', 'तिथे गेल्यावर कळलं की'. टोल्डच्या कुळाला 'तर म्हणे'. "वी टुक द कॉटन टू द सेंटर, ओन्ली टू बी टोल्ड दॅट द बाइंग हॅड स्टॉप्ड": कापूस केंद्रावर नेला, तर म्हणे खरेदी बंद! आणि लूज-फेलच्या कुळाला 'आणि शेवटी' किंवा 'ते सगळं पाण्यात गेलं' असा वाक्प्रचार. भाषांतर करणाऱ्याने 'ओन्ली टू' बघून थांबू नये, त्याच्या पुढचं क्रियापद बघावं.

कर्ता बदलायचाच असेल तर इंग्रजीत एक वाट आहे, आणि ती आपल्या पाठ्यपुस्तकी व्याकरणात सहसा भेटत नाही: 'ओन्ली फॉर'. "आय गॉट द पंप रिपेअर्ड, ओन्ली फॉर इट टू ब्रेक डाउन द नेक्स्ट डे." मी पंप दुरुस्त करून आणला, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बंद पडला. दुरुस्त करवला मी, बंद पडला पंप. फॉर आणि त्याच्यापुढे नवा कर्ता, मग टू. क्रिकेटच्या बातम्यांत हे फार येतं: फलंदाज स्थिरावला, ओन्ली फॉर रेन टू स्टॉप प्ले. वर्तमानपत्र वाचणाऱ्या मुलांना हे सांगून ठेवा, नाहीतर ते इथेही 'फक्त पावसासाठी' लिहितील. आणखी एक वाट 'ओन्ली टू हॅव'ची. "शी स्टूड इन द क्यू ऑल डे, ओन्ली टू हॅव हर फॉर्म रिजेक्टेड": दिवसभर रांगेत उभी राहिली आणि शेवटी तिचा अर्ज नामंजूर झाला. इथे हॅव रिजेक्टेड हा पूर्ण काळ नव्हे. मधलं 'हर फॉर्म' बघितलं की कळतं, आपल्या बाबतीत एखादी गोष्ट घडणं असा तो हॅव आहे.

ओन्ली काढून टाकला तर काय होतं? निष्पत्ती राहते, कडवटपणा जातो. "शी लिव्ह्ड टू बी नाइन्टी": ती नव्वद वर्षं जगली. नव्वदीची व्हावी म्हणून जगली असं नाही! "ही वोक टू फाइंड द हाउस एम्प्टी": जागा झाला तेव्हा घरात कुणी नव्हतं. हे साधं निवेदन आहे. त्यात ओन्ली घातला की अपेक्षाभंग येतो. म्हणजे ओन्लीचं काम इथे 'फक्त' सांगण्याचं नाहीच, तो लिहिणाऱ्याचा सूर सांगतो.

आणि म्हणून तो जपून वापरायचा. अमळनेरचं उदाहरण घ्या. साने गुरुजी तिथे तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासासाठी आले आणि १९२४ ते १९३० प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. एका निबंधात मी हे वाक्य वाचलं: "ही केम टू अमळनेर टू स्टडी फिलॉसॉफी, ओन्ली टू बिकम अ टीचर." व्याकरणात एकही चूक नाही. पण त्या ओन्लीने शिक्षक होणं म्हणजे पदरी पडलेली निराशा ठरवली, आणि तीसुद्धा कुणाबद्दल! मुलाच्या मनात तसं काही नव्हतं, त्याला 'आला एकासाठी, झालं दुसरंच' एवढंच सांगायचं होतं. तिथे "अँड स्टेड ऑन टू टीच" पुरे होतं. चांगल्या, आनंदाच्या निष्पत्तीला 'ओन्ली टू' लावू नये, हे मुलांना पहिल्या दिवशीच सांगावं. 'परीक्षा दिली, ओन्ली टू पास' असं लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल, पास होणं त्याच्या मनात नव्हतं.

ओन्लीच्या जागी नेव्हर आला तर सूर आणखी गंभीर होतो. "ही लेफ्ट द व्हिलेज, नेव्हर टू रिटर्न": गाव सोडून गेला तो कायमचाच. इथेही हेतू नाही. परत न येण्याचा निश्चय करून तो गेला असं वाक्य म्हणत नाही, पुढे काय झालं ते म्हणतं. मराठीत 'तो... तो पुन्हा आलाच नाही' ही रचना नेमकी बसते. जस्ट मात्र सहसा हेतूच्या बाजूला राहतो: "आय कॉल्ड जस्ट टू आस्क": सहज विचारायला फोन केला. बोलण्यात कुणी कुणी 'जस्ट टू फाइंड' निष्पत्तीसाठीही वापरतं, पण लिहिताना मुलांना ओन्लीच वापरायला सांगावं.

ओन्ली आणि टू शेजारी दिसले म्हणजे ही रचना असेलच असंही नाही. "यू हॅव ओन्ली टू आस्क" म्हणजे नुसतं विचारायचा अवकाश, मिळेल. इथे हॅव टू मोडून मध्ये ओन्ली आलाय. "के टू इज सेकंड ओन्ली टू एव्हरेस्ट" यात टूच्या पुढे क्रियापदच नाही: एव्हरेस्ट सोडलं तर उंचीत के टूचाच नंबर. आणि ज्याने चांगली चांगली मुलं फसतात तो प्रकार म्हणजे 'ओन्ली टू ग्लॅड टू हेल्प'. यातला पहिला टू डबल ओचा. डबल ओच्या टूनंतर साधा टू आला की वाक्य आतून नकारार्थी, हे आपण पाठ करून घेतलेलं असतं: टू टायर्ड टू वॉक, इतका थकला की चालवेना. त्या सवयीने मुलगा लिहितो, 'इतका आनंदी की मदत करू शकत नाही'. पण ओन्ली आधी लागला आणि मध्ये ग्लॅड, हॅपी, रेडी असं विशेषण आलं की अर्थ होकारार्थी, तोही भरभरून: मदत करायला अगदी आनंदाने तयार. ही एक जागा पाठच करून घ्यावी लागते.

'टू ओन्ली फाइंड' असं ओन्ली मध्ये घातलेलं काही वह्यांत दिसतं. टू आणि क्रियापद यांच्यामध्ये शब्द घालू नये हा आक्षेप जुना आहे. कँटरबरीचे डीन हेन्री आल्फर्ड यांनी १८६४ साली तो घेतला होता आणि पुढे शाळांतून तो नियमासारखा शिकवला गेला. आज तो नियम फारसं कुणी कडक पाळत नाही, पाळायचं कारणही नाही. पण आपल्या रचनेपुरतं सांगायचं तर ओन्ली टूच्या आधीच हवा. 'टू ओन्ली फाइंड'मधून 'बघतो तर' हा अर्थ निघत नाही.

ताईंनी जाता जाता 'नॉट टू'बद्दलही विचारलंय. थोडक्यात सांगतो. नॉट टूच्या आधी आला की नकार फक्त टूच्या पुढच्या क्रियेला लागतो. "ही डिसायडेड नॉट टू सेल द लँड": जमीन न विकण्याचं ठरवलं. "ही डिड नॉट डिसाइड टू सेल द लँड": विकायचं असं काही ठरवलं नाही, अजून विचारात असेल. मराठीतही 'न' आणि 'नाही' यांच्या जागा हाच फरक दाखवतात, त्यामुळे मुलांना हे जड जात नाही. जड जातो तो हेतूचा नकार. 'बाळ उठू नये म्हणून ती हळू बोलली' याचं मुलं "शी स्पोक सॉफ्टली नॉट टू वेक द बेबी" करतात. तिथे एकटा 'नॉट टू' पांगळा पडतो, 'सो ॲज नॉट टू' किंवा 'इन ऑर्डर नॉट टू' लागतं. मात्र पुढे 'बट टू' येणार असेल तर चालतो: "ही वेंट नॉट टू फाइट बट टू सेटल": भांडायला नाही, मिटवायला गेला. 'टू नॉट' अलीकडे पुष्कळ ऐकू येतं, ते चूक म्हणून गुण कापू नयेत. शिकवताना 'नॉट टू' शिकवा.

शेवटी परीक्षेचं. वर्गचाचणीत "शी केम बॅक टू अमळनेर ओन्ली टू सेल द हाउस" यासारखं एकटं वाक्य भाषांतराला देऊ नका. ती घर विकण्यासाठीच परत आली, असाही अर्थ होतो. आणि राहायला म्हणून परत आली, पण अखेर घर विकावं लागलं, असाही होतो. विकणं मुद्दाम करता येतं, म्हणून दोन्ही दारं उघडी राहतात. फाइंड किंवा लूज असतं तर एकच दार उरलं असतं. असं वाक्य द्यायचंच तर आधी एक ओळ द्या, "शी वॉन्टेड टू लिव्ह देअर अगेन" अशी, म्हणजे मुलाला कौल घेता येईल. आणि ती ओळ न देता वाक्य आलंच, तर ज्याने 'फक्त घर विकण्यासाठी' लिहिलं त्यालाही पूर्ण गुण द्या आणि ज्याने 'पण शेवटी घर विकावं लागलं' लिहिलं त्यालाही द्या. मग दोघांना शेजारी बसवून एकमेकांची भाषांतरं वाचायला लावा.